नटलेल्या लेकरांचा अर्ज

नसीमभाभी,

आजवर मी लोकांसाठी असंख्य अर्ज लिहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर 'प्रति' लिहून त्याखाली साहेबांचा हुद्दा आणि कचेरीचा पत्ता घातला. आज 'प्रति' लिहिल्यावर माझा हात थांबला. तुमचा सध्याचा हुद्दा मला ठाऊक नाही, आणि तुम्ही ज्या कचेरीत रुजू झाला आहात तिचा पत्ता या तालुक्यातील कोणीही मला देऊ शकलेले नाही. म्हणून नुसते नाव लिहिले आहे. नुसत्या नावाचे पाकीट टपालखाते परत पाठवते, असा माझा अनुभव आहे. हे पाकीट परत आलेच, तर तुमच्याकडून काहीतरी आले असे मी समजेन.

दुपारी कचेरीतील मंडळी जेवायला उठली की शिरूरच्या तहसील आवारात एक प्रकारची झोप उतरते. चिंचेची बारीक पाने माझ्या टेबलावर पडत राहतात, शेजारचा मुद्रांकविक्रेता खुर्चीतच मान टाकतो, आणि मीही, बसल्या जागी, जागा आणि निजलेला यांच्यामधल्या कोणत्यातरी पायरीवर जाऊन बसतो. तेथे तुम्ही येता. खांद्याला डब्यांची पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट, आणि कपाळावर शिक्रापूरच्या रस्त्याची धूळ. स्टुलावर बसता, पिशवी दोन्ही पायांत धरता आणि विचारता, "झालं का?" मी म्हणतो, "झाले, वाचून दाखवतो." कागद उघडतो, तर त्यावर अक्षरे नसतात, पहाटेच्या धुक्यासारखे काहीतरी पांढरे त्यावरून सरकत असते. तरीही मी वाचू लागतो आणि तुम्ही मान हलवता. मला नवल वाटते, कारण हयातीत माझे वाचन ऐकून तुम्ही कधी मान हलवली नाहीत. डोळे उघडतो तेव्हा स्टुलावर दुसरेच कोणी असते, आणि त्याला सातबाऱ्याचा उतारा हवा असतो.

पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हाला अर्ज नको होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र हवे होते. शिक्रापूरला कारखान्यातील कामगारांना डबे पुरवणारी बाई, नवरा ट्रकवर, मुलगी पहिलीत. एवढी माहिती मी रिवाजाप्रमाणे विचारून घेतली. दाखला कशासाठी, हा प्रश्न केवळ रकाना भरण्यापुरता होता. त्याचे तुम्ही जे उत्तर दिलेत ते कोणत्याही रकान्यात मावणारे नव्हते. तुमच्या आफरीनला लहानपणीची शुगर. दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई, आणि ती आयुष्यभर. सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड तुमच्या पिशवीत होते. परंतु ते कार्ड दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देते, घरी राहून रोज औषध घेणाऱ्या लेकराचा देत नाही.

"मग त्यांनी काय सांगितले?" मी विचारले.

"म्हनले, पोरीला ॲडमिट करा, मग समदं फुकट. मी म्हनलं, ॲडमिट कवा करायची? तर म्हनले, शिरीयस झाली की. म्हंजी पोरगी आधी बेसुद पडू द्यायची, मग सरकार उठून येनार. उभी हाय, चालती हाय, शाळंत जाती, तवर ती सरकारची न्हाई."

मी पेन खाली ठेवले. असे मी सहसा करीत नाही. म्हणालो, "बाई, दाखला राहू द्या. हा दाखल्याचा विषय नसून निवेदनाचा विषय आहे." आणि ते निवेदन मी तेथल्या तेथे, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, एकही खाडाखोड न करता लिहून काढले.

अर्ज पुरा झाला की अर्जदाराला तो मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच सही घ्यायची, ही आमच्या धंद्याची रीत. बहुतेक अर्जदार वाचन चालू असताना दूर कोठेतरी पाहत असतात. तुम्ही पहिल्याच वाक्याला हात वर केलात.

"निराधार कोन?"

"तुम्ही. म्हणजे अर्जदार."

"माझा नवरा जिता हाय. धा चाकी चालवतो."

"ती अर्जाची भाषा असते, भाभी."

"आन् ह्ये पदर पसरून काय? मी कवा पसरला?"

"साहेबलोकांच्या मनाला पाझर फुटावा म्हणून—"

"पाझर फुटून काय करू? मला इन्सुलिन पायजे. रायटरसाहेब, गावाला रस्ता मागताना तुमी असं लिवता का, का आमी लई दुबळी, आमाला डांबर घाला? रस्ता मागत्यात तसं मागा."

खूश असलात की तुम्ही मला 'भाऊ' म्हणत होतात आणि चिडलात की 'रायटरसाहेब'. पहिल्याच दिवशी मी रायटरसाहेब झालो. माझी शाळा नववीत सुटली हे खरे, परंतु कचेऱ्यांचा स्वभाव मी जितका अभ्यासला तितका पदवीधरांनीही अभ्यासला नसेल. कचेरीचे दार बुटके असते. मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही, हे माझे मत होते व आहे. तुमचे म्हणणे, दार बुटके असेल तर चौकट बदला. तो वाद तेव्हा सुरू झाला, आणि आता तुम्ही एकतर्फी उठून गेल्यामुळे माझी बाजू मांडायची राहून गेली आहे. कोणत्याही सुनावणीत असे चालत नाही, भाभी.

त्यानंतर तुमच्या डब्यांबरोबर निरोप जाऊ लागले. शिक्रापुरात खोल्या घेऊन राहणारी पोरे कुठकुठची; जेवताना तुम्ही त्यांना विचारत होतात, आणि ती आपापल्या चाळीत विचारत होती. "भाभी, हमारे रूम के बगल में एक बच्चा है, उसको भी सुई लगती है." असे एकेक लेकरू सापडत गेले. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी घेता घेता तुम्ही दोन आया गाठल्यात. आणि एका रविवारी तुमच्या खानावळीत सगळे पालक जमले, तेव्हा दाराशी पांढरी गाडी येऊन थांबली. मांडवगण फराट्याचे बापूसाहेब उतरले. पन्नास एकर ऊस, सोसायटीचे संचालक, गावात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते आत आले, पण बाकावर बसले नाहीत.

"मी एका पावन्याच्या दुसरीतल्या पोरीसाठी आलोय," ते म्हणाले.

"या की," तुम्ही म्हणालात. "पावन्याच्या पोरीला सकाळची सुई कितीची?"

"आठ युनिटची. संध्याकाळी सहा. शाळंतनं आल्यावर कवा कवा हातपाय कापत्यात, तवा—"

ते थांबले. पाहुण्याची मुलगी 'शाळंतनं आल्यावर' थरथरते हे इतक्या जवळून कोणाला ठाऊक असते? तुम्हीही पुढे विचारले नाहीत. बिनसाखरेचा चहा त्यांच्यापुढे ठेवलात, एवढेच.

चहा संपवून ते हळू आवाजात म्हणाले, "भाभी, लागंल ती गाडी देतो, माणसं देतो. फकस्त माझं नाव कुठं यायला नको. पोरीचं लगीन करायचं हाय पुढं."

"लगीन? दुसरीत हाय न्हवं ती?"

"नाव एकदा झालं की गाव इसरत न्हाई."

"बापूसाहेब, तुमच्या कारखान्याच्या साखरंची रिकव्हरी, किती टक्के निघाली ती, रोज फळ्यावर लिवत्यात. आमच्या पोरींच्या साखरंचीच तेवढी चोरी?"

सगळे हसले, बापूसाहेबही हसले. पण नाव त्यांनी दिले नाही. पुढची कितीतरी वर्षे आमच्या प्रत्येक निवेदनात शेवटी 'व इतर एक पालक' असे येत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते वाचताना तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने पाहत होतात, जणू ते मीच लपवून ठेवले आहे.

दौंडची सकाळ मला आता खरी घडलेली वाटत नाही. आरोग्य खात्याचे मोठे साहेब विश्रामगृहावर येणार होते, पालकांना भेटायला तयार होते. मी सर्वांना बजावून सांगितले होते: लेकरांना साधे कपडे घाला, केस विस्कटलेले असले तरी चालतील. यामागे माझा हिशेब होता. परंतु पहाटे बापूसाहेबांनी पाठवलेल्या क्रूझर गाड्यांशी आया लेकरे घेऊन आल्या, आणि मी पाहतच राहिलो. भरजरी परकर. कुरते. डोळ्यांत काजळ, गालांवर पावडर, मुलींच्या वेण्यांत गजरे. एका मुलाच्या पायांत त्याच्या मामाच्या लग्नातले बूट होते. आफरीनने ईदचा हिरवा ड्रेस घातला होता, आणि तिच्या ओढणीच्या टिकल्या धुक्यात लुकलुकत होत्या.

"हे काय केलेत?" मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारले. "आपण लग्नाला चाललो आहोत का?"

"साहेबापुढं पोर फाटक्यात न्यायची? आमच्यात तसं न्हाई."

"तुमच्यात नाही, पण सरकारात तसे असते!"

"तुमच्यात तरी हाय का, त्या सोनवण्यांच्या सुमनला इचारा. रातभर बसून पोराच्या कुरत्याला काठ लावलाय तिनं."

गाड्या न्हावऱ्याच्या बाजूने निघाल्या. धुके इतके होते की रस्ता पुढे नव्हे, फक्त खाली आहे असे वाटत होते. दोन्ही बाजूंना उसाला आलेले तुरे तेवढे धुक्याच्या वर तरंगत होते, आणि त्यांच्या मधून आम्ही कोठेतरी पाण्याखालून चाललो आहोत, असा भास मला होत राहिला. लेकरे एकमेकांच्या अंगावर कलंडून निजली होती. गजऱ्यांचा वास, खोबरेल तेलाचा वास. भीमेचा पूल कधी आला आणि गेला, ते कळले नाही. मग चौफुल्याच्या अलीकडे एकदम दुसराच वास आला, आणि सगळी लेकरे एकाच वेळी जागी झाली. गुऱ्हाळ चालू होते. काहिलीत गूळ शिजत होता.

आया खिडक्यांच्या काचा वर करू लागल्या. तुम्ही तुमच्या बाजूची काच खाली केलीत.

"घ्या रं पोरांनो, वास घ्या. दाबून घ्या. वासाला सुई लागत न्हाई."

आणि ती नटलेली लेकरे खिडक्यांतून नाक बाहेर काढून, डोळे मिटून, छाती भरभरून तो वास घेऊ लागली. ड्रायव्हरने न सांगता गाडी हळू केली. भाभी, मी देवळात पुष्कळ गेलो आहे. पण इतकी शांत तोंडे मी कोठे पाहिली नाहीत.

विश्रामगृहावर मात्र व्हायचे तेच झाले. साहेब बाहेर आले, व्हरांड्यात ओळीने बसलेल्या लेकरांकडे त्यांनी पाहिले आणि सोबतच्या माणसाला विचारले, "पेशंट कुठे आहेत?"

"हीच आहेत सर," मी पुढे होऊन म्हणालो.

"ही? ही तर चांगली दिसतायत."

मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही पुढे आलात. निवेदन माझ्या हातात होते, ते तुम्ही मागितलेही नाही.

"साहेब, ह्येच औषधाचं रूप हाय. औषध मिळालं की पोर अशी दिसती. तुमाला आजारी बघायची असली तर औषध बंद करतो, आन् आठ दिसांनी परत आनतो. पर मग समदी येनार न्हाईत."

कोणीतरी साहेबांसाठी चहा आणि बिस्किटांची बशी आणून ठेवली. लेकरांचीही खाण्याची वेळ झाली होती. आयांनी पिशव्या उघडल्या, आणि त्या मोठ्या साहेबांसमोर, त्या व्हरांड्यात, एकेका लेकराने आपापला भरजरी काठ वर करून पोटाला सुई टोचून घेतली. कोणी रडले नाही. सुमनचा मुलगा सर्वांत लहान. त्याला त्याची आई टोचत होती. त्याचे सगळे लक्ष साहेबांच्या हातातील बिस्किटाकडे होते.

"आये," तो म्हणाला, "ह्यांनी सुई न घेताच खाल्लं."

त्याला वाटत होते, जगात सर्वांनाच खाण्याआधी सुई घ्यावी लागते. साहेबांनी बिस्कीट बशीत ठेवले. मग ते खुर्ची ओढून लेकरांच्या समोर बसले आणि आमचे निवेदन त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचले.

पुढच्या महिन्यापासून शिरूर आणि दौंडच्या सरकारी दवाखान्यात लेकरांना इन्सुलिन मिळू लागले. 'तात्पुरती बाब म्हणून' असे त्या कागदावर होते. मार्च संपला की औषध संपायचे, नवीन मंजुरी यायला पावसाळा उजाडायचा, आणि तेवढे दिवस तुम्ही एकीच्या घरातली शीशी दुसरीच्या घरी पोहोचवत फिरत होतात. वीज गेली की तुमच्या घरी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात चार घरची इन्सुलिन असे. म्हणून आपला खरा अर्ज तो नव्हताच. खरा अर्ज कायमच्या तरतुदीचा: लेकरू दाखल असो वा घरी असो, त्याच्या रोजच्या औषधाला सरकारी अंदाजपत्रकात स्वतःची जागा असावी. तो वर गेला, आणि वरच राहिला.

त्या दिवशी नटवून आणणे ही चूक होती की नव्हती, यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. माझे म्हणणे आजही असे, की चूक होती, आणि ती तुमच्या बोलण्याने व त्या पोराच्या भोळेपणाने निभावली. तुमचे म्हणणे, "भाऊ, फाटक्यात नेली असती तर साहेबानं दया केली असती. दया मार्चपतूर पुरती." मी म्हणालो, "तुमचेही मार्चपर्यंतच पुरले." त्यावर तुम्ही इतक्या मोकळेपणाने हसलात, की माझा मुद्दा जिंकूनही मला जिंकल्यासारखे वाटले नाही.

परतताना धुके गेले होते. भीमेच्या पुलावर ट्रॅक्टर अडकले म्हणून आपण खाली उतरलो होतो. खाली पाणी इतके संथ होते, की वाहते आहे की नुसते पडून आहे ते सांगता येत नव्हते. तेथे, कठड्याला टेकून, तुम्ही मला तुमच्या थोरल्या मुलाचे सांगितलेत. आफरीनच्या आधीचा. याच दुखण्याने गेलेला, दुखण्याचे नाव कोणाला कळायच्या आत. डॉक्टर पोटदुखी समजले. तुम्ही सांगत होतात आणि माझा हात, माझ्याही नकळत, खिशातल्या पेनकडे गेला. असा मजकूर साहेबांपुढे गेला असता तर काय झाले असते, हे माझ्या धंद्याला लगेच कळले.

"प्यान ठेवा खाली," तुम्ही म्हणालात.

"भाभी, एका वाक्याने काम होईल."

"व्हईल. पर त्यो अर्जात न्हाई जायचा. त्याला मी कुनापुढं उभा करनार न्हाई. ह्यी जिती हायेत ना, ह्येंच्यावर द्या म्हनावं."

मग त्याचे नाव सांगितलेत, आणि नदीकडे पाहत राहिलात. ते नाव मी येथेही लिहीत नाही. मला एवढेच सांगायचे होते, आणि ते पुलावर सुचले नाही, नंतर कधी जमले नाही: तुम्ही ते नाव मला सांगितलेत, अर्जलेखकाला नव्हे, हे मला कळले होते.

तुम्ही गेल्याचे मला आफरीनने फोनवर सांगितले. "मामा, मम्मी गेली," एवढेच. मी तिला काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा काही औपचारिक बोललो असेन. मातीला आलो तेव्हा तुमच्या दारात जितकी माणसे होती, त्यातली अर्धी तुमच्या हातचे जेवलेली होती. ती परमुलखातली पोरे एका बाजूला रांगेने उभी होती, ताटासाठी उभी राहत तशी.

आणि मग, भाभी, तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या आतच कचेरीतून विचारणा आली. ओळखीचा लिपिक आहे, त्याने आपुलकीनेच सांगितले. "रायटर, तुमचा तो औषधाचा अर्ज. मुख्य अर्जदार मयत झाल्याचं कळलं. वरून म्हणतायत, प्रकरण दप्तरी दाखल करू." दप्तरी दाखल म्हणजे फडक्यात गुंडाळून कपाटात, तेथून अर्ज परत येत नाहीत. इतकी वर्षे वर पडून राहिलेला कागद खाली ओढायला तुमचे जाणे त्यांच्या उपयोगी पडणार होते.

मी घरी जाऊन बसलो. जेवलो नाही. जमिनीच्या दाव्यात अर्जदार मेला तर दावा मरत नाही. 'मयत अमुक, तर्फे वारस' असे लिहून वारसांची नावे लावायची, आणि दावा पुढे चालतो. हे मी जन्मभर करत आलो आहे. बांधासाठी, विहिरीतल्या पाण्याच्या पाळीसाठी केले आहे. मग औषधासाठी का नको?

सकाळी सर्व पालकांना निरोप दिला. आवारात गर्दी झाली. मी वर लिहिले, 'मयत नसीम, तर्फे वारस', आणि एकेका लेकराला टेबलापाशी बोलावले. आपले नाव आपण सांगायचे, मी लिहायचे. आफरीन आता नववीत आहे, सर्वांत आधी तिला बोलावले, तर ती म्हणाली, "लहान लहान आधी घ्या मामा, त्यांची शाळा आहे." सुमनचा मुलगा आला, शिक्रापूरच्या चाळीतला तो परमुलखातला मुलगा आला. नावे येत राहिली. सगळ्या जातींची, सगळ्या गावांची. चिंचेची पाने कागदावर पडत होती आणि मी ती फुंकरून लिहीत होतो. मध्येच टेबलावर सावली पडली. बापूसाहेब उभे होते. त्यांच्या शेजारी दोन वेण्यांची त्यांची मुलगी होती, आता बरीच उंच झालेली.

"लिवा," ते म्हणाले.

"'इतर एक पालक'?"

"न्हाई. नाव लिवा. आन् गावबी लिवा, मांडवगण फराटा, पुरतं लिवा." मग तिच्याकडे वळून, "सांग बाई तुझं नाव. मोठ्यानं सांग."

तिने सांगितले. जरा जास्तच मोठ्याने सांगितले. मुद्रांकविक्रेता जागा झाला.

सर्वांत शेवटी आफरीन आली. तिचे नाव लिहून झाल्यावर कागदाचा तळ कोरा उरला. कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारून ती बंद करायची, मागाहून कोणी त्यात काही घुसडू नये म्हणून. हे न करता अर्ज दाखल करणारा अर्जलेखक मी पाहिलेला नाही. मी पट्टी लावली.

"मामा, रेघ नका मारू."

"का?"

"अजून कुणी येईल ना."

मी तिला नियम समजावून सांगितला. तिने तुमच्यासारखेच सगळे ऐकून घेतले, आणि तुमच्यासारखेच ते मान्य केले नाही. "दवाखान्यात गेलं की एखादं नवीन असतंच. त्याच्या आईला परत पहिल्यापासून अर्ज करायला लावणार का तुम्ही?"

मी पट्टी उचलून घेतली.

लिपिकाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. "वारस हे असले असतात का हो?" म्हणाला. मग म्हणाला, "खाली रेघ राहिली तुमची."

"राहिली नाही," मी म्हणालो. "सोडली आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले, दारात दाटलेल्या लेकरांकडे पाहिले, आणि शिक्का मारला. प्रकरण पुढे चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

त्या मोकळ्या जागेचा मालक कोण, हे मात्र दुपारच्या त्या झोपेत मला अधूनमधून दिसते. तो या घटकेला कोणत्यातरी बांधावर बसून दातांनी ऊस सोलतो आहे. गेल्या आठवड्यापासून तो पाणी फार पितो, तांब्यावर तांब्या, म्हणून त्याची आई त्याच्यावर खेकसते आहे. हे दुखणे घरात असेच तहानेच्या पावलांनी शिरते, हे तिला कोणी सांगितलेले नाही. ती तुम्हाला ओळखत नाही. एक दिवस ती त्याला उचलून, पदर सावरत, धापा टाकत कुठल्यातरी दवाखान्याच्या पायऱ्या चढेल. तेव्हा तिला सांगायला तुम्ही नसाल, भाभी. तिच्या लेकरापुरती जागा आम्ही धरून ठेवली आहे.